‘वाका वाका’ कुणाचं? २०१०च्या विश्वचषक-गीताचं प्रकरण

मोठ्या स्पर्धांची गाणी बहुतेक वेळा स्पर्धेबरोबरच संपतात. उद्घाटनाला धूर, रोषणाई, दोन-चार नामवंत गायक. मग सामने सुरू होतात आणि ते गाणं जाहिरातींच्या मधल्या फटीत वाजत राहतं. दक्षिण आफ्रिकेत २०१० साली झालेल्या फुटबॉल विश्वचषकाचं ‘वाका वाका’ याला ठळक अपवाद ठरलं. त्या वर्षीचा अंतिम सामना स्पेननं नेदरलँड्सविरुद्ध १-० असा जिंकला आणि गोल इनिएस्तानं जादा वेळेत, ११६व्या मिनिटाला मारला, हे आज मुद्दाम आठवावं लागतं. पण ‘त्सामिना मिना’ एवढं म्हटलं की त्या वेळी जन्मही न झालेली पोरं पुढचं ‘ए ए’ बरोबर ठेक्यात पुरं करतात. यूट्यूबवर या गाण्याचा व्हिडिओ तीनशे कोटींहून जास्त वेळा पाहिला गेला आहे. आपल्याकडच्या शाळांच्या गॅदरिंगमध्ये ते किती वेळा नाचून झालं, याची मोजदाद कुणी केलेली नाही एवढंच.

या यशाचं श्रेय सहसा शकीराला दिलं जातं आणि गोष्ट तिथेच संपते. माझं मत जरा वेगळं आहे. हे गाणं २०१० साली चाललं, कारण त्याचं ध्रुवपद त्याआधी अनेक वर्षं परेडच्या मैदानांवर, शाळांत आणि लग्नांत चालून आलं होतं. आयोजकांनी एक तयार, लोकांच्या जिभेवर रुळलेली गोष्ट उचलली. ती उचलायला हरकत नव्हती. प्रश्न हा होता की ती कुणाची आहे, हे कधी आणि कुणाच्या दबावाखाली सांगितलं गेलं.

एका स्पर्धेला तीन गाणी

विश्वचषक पहिल्यांदाच आफ्रिका खंडात होत होता, त्यामुळे गाण्यावर दुहेरी ओझं होतं. फिफाला जगभर खपेल असा चेहरा हवा होता, यजमानांना आपला आवाज. शिवाय प्रायोजकांना आपापली धून हवी असतेच. परिणामी या एका स्पर्धेला निदान तीन गाणी मिळाली. अधिकृत गीत म्हणून शकीराचं ‘वाका वाका’, ज्यात केपटाऊनचा फ्रेशलीग्राउंड हा बँड सहभागी होता. अधिकृत ‘अँथम’ म्हणून सोवेटो स्पिरिच्युअल सिंगर्सना बरोबर घेऊन आर. केलीनं गायलेलं एक गाणं. आणि कोका-कोलाच्या मोहिमेसाठी सोमाली-कॅनेडियन गायक केनानचं ‘वेव्हिन फ्लॅग’.

यातलं दुसरं गाणं आज बहुतेकांना आठवत नाही. तिसऱ्याची गोष्ट मात्र थोडी थांबून सांगण्यासारखी आहे. केनानचं मूळ गाणं २००९च्या त्याच्या अल्बममधलं. त्यात सोमालियातलं युद्ध, विस्थापितांचे हाल आणि मोठं झाल्यावर तरी बळ आणि स्वातंत्र्य मिळेल ही आशा होती. शीतपेयाच्या मोहिमेत शिरताना युद्धाच्या ओळी गळाल्या, जल्लोषाच्या आल्या, आणि वेगवेगळ्या देशांतल्या गायकांबरोबर त्याच्या द्विभाषिक आवृत्त्या निघाल्या. स्पेनसाठी दाविद बिस्बालबरोबर झाली तशी. ज्याचं गाणं त्यानंच ते बदललं, म्हणून तिथे मालकीचा वाद उभा राहिला नाही. पण मूळ गाणं आणि विश्वचषकाची आवृत्ती एकापाठोपाठ ऐकून पाहा. कापलेल्या जागा कानाला लागतात.

याउंदे, १९८६

आता मुख्य प्रकरणाकडे. कॅमेरूनमध्ये (राजधानी याउंदे) ऐंशीच्या दशकात गोल्डन साउंड्स नावाचा एक बँड होता. त्यातली मंडळी पेशानं सैनिक, राष्ट्राध्यक्षांच्या सुरक्षा दलातली. मुख्य गायक जाँ-पॉल झे बेला. १९८६ साली त्यांनी ‘झांगालेवा’ नावाचं गाणं काढलं. रंगमंचावर येताना हे लोक गणवेश घालत, डोक्यावर वसाहतकाळातली हॅट, आणि कपड्यांच्या आत उशा कोंबून पोट आणि पार्श्वभाग फुगवलेले. ढेरपोट्या अंमलदाराचं ते सोंग होतं. स्वतः वर्दीत असलेल्या माणसांनी वर्दीतल्या साहेबी थाटाची टर उडवायची, हा त्यातला गंमतीचा आणि थोडा धाडसाचा भाग. त्यांचा जुना व्हिडिओ पाहिला तर कॅमेऱ्यासमोर कवायतीची शिस्त आणि तमाशातल्या सोंगाड्याचं अंग, दोन्ही एकाच चालीत दिसतं.

ध्रुवपद मात्र त्यांनी बसून रचलेलं नव्हतं. झे बेलाच्या सांगण्यानुसार त्याचं मूळ दुसऱ्या महायुद्धातल्या कॅमेरूनी शिपायांच्या आपसातल्या बोलीत आहे. ऑगस्ट १९४० मध्ये फ्रेंच सेनानी लेक्लेर्क कॅमेरूनच्या दुआला बंदरात उतरला आणि कॅमेरून स्वतंत्र फ्रान्सच्या, म्हणजे जर्मनीला शरण न गेलेल्या द गॉलच्या गटाच्या, बाजूला गेलं. पुढे फ्रेंचांसाठी लढायला आफ्रिकी शिपाई सहारा ओलांडून लिबियापर्यंत गेले. (मराठा लाइट इन्फन्ट्रीची पोरं १९४१ मध्ये एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांवर चढत होती, तीही दुसऱ्याच कुणाच्या साम्राज्यासाठी.) वेगवेगळ्या जमातींची, वेगवेगळ्या भाषांची माणसं एका पलटणीत आली की त्यांची एक सरमिसळ बोली तयार होते. ‘झांगालेवा’चे शब्द त्या बोलीतले: थोडं फँग (तिकडची एक स्थानिक भाषा), थोडं पिजिन (मोडकंतोडकं मिश्र इंग्रजी), थोडं निव्वळ तालासाठी. फँग भाषेत त्याचा रोख ‘तुला इथे कुणी पाठवलं?’ असा असल्याचं सांगतात. परक्याच्या लढाईवर निघालेल्या शिपायानं हे म्हणत चालायचं, यात जो कडवटपणा आहे तो गोल्डन साउंड्सच्या सोंगात नेमका उतरला होता.

गाणं तुफान चाललं. कॅमेरूनच्या शाळांमध्ये ते संचलनगीत झालं. आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत सैनिक, पोलीस, स्काउट आणि फुटबॉलचे समर्थक ते म्हणू लागले. बँडनं पुढे स्वतःचं नावच बदलून ‘झांगालेवा’ ठेवलं.

अटलांटिकच्या पलीकडे

हे गाणं शकीरापर्यंत कसं पोहोचलं, याचं उत्तर कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर सापडतं. कार्ताहेना आणि बारांकिया या बंदरांच्या शहरांत ‘पिको’ नावाच्या अवाढव्य, रंगीबेरंगी स्पीकरभिंती असतात. आपल्याकडे गणपतीत ज्याला सरसकट ‘डीजे’ म्हणतात तशाच. सत्तर-ऐंशीच्या दशकांत या पिकोवाल्यांमध्ये आफ्रिकी रेकॉर्ड आणण्याची चढाओढ लागलेली असे. ज्याच्याकडे दुसऱ्या कुणाकडे नसलेली रेकॉर्ड, त्याची गल्ली भरलेली. ‘झांगालेवा’ अशाच वाटांनी तिथे पोहोचलं आणि लोकप्रिय झालं. डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या लास चिकास देल कान या मुलींच्या बँडनं त्याच ध्रुवपदावर मेरेंगे या तिथल्या नाचाच्या संगीताच्या ढंगाचं स्पॅनिश गाणं केलं आणि तेही लॅटिन अमेरिकेत गाजलं.

शकीराचा जन्म १९७७चा, बारांकियाचा. म्हणजे ही गाणी तिच्या शहराच्या गल्ल्यांत वाजत होती तेव्हा ती दहा-अकरा वर्षांची होती. त्यामुळे ‘कोलंबियन गायिकेनं आफ्रिकेचं गाणं ढापलं’ हे वाक्य मला पुरेसं वाटत नाही. ते गाणं तोवर तिच्याही किनाऱ्याचं झालं होतं. गुलामांच्या जहाजांनी ज्या किनाऱ्याची लोकसंख्या घडवली, तिथे आफ्रिकी ताल परका नाही. पण तालाशी असलेलं नातं आणि मूळ गाण्याच्या कर्त्यांना द्यायचं देणं ही दोन वेगळी खाती आहेत. २०१० साली पहिल्या खात्याकडे बोट दाखवून दुसऱ्याकडे थोडा काळ काणाडोळा झाला.

मे २०१०: तक्रारी

गाणं मे महिन्यात बाहेर आलं. शकीरा आणि निर्माता जॉन हिल यांचं काम म्हणून ते समोर आलं आणि लगेच दोन बाजूंनी आवाज उठला.

पहिली तक्रार दक्षिण आफ्रिकेतली. खंडाचा पहिला विश्वचषक आणि मुख्य गाणं कोलंबियन गायिकेचं? स्पर्धेच्या पूर्वसंध्येच्या मैफलीची पहिली यादी जाहीर झाली तेव्हाही हाच राग होता: अमेरिकी तारे भरपूर, घरचे कलाकार मोजके. ओरडा झाल्यावर यादीत स्थानिक नावं वाढली. १० जूनच्या रात्री सोवेटोच्या ऑर्लंडो स्टेडियमवर ब्लॅक आइड पीज आणि अॅलिशिया कीजबरोबर ह्यू मासेकेला, व्हुसी महलासेला, बीएलके जेकेएस हेही होते. मालीचे अमादू आणि मरियम होते, बेनिनची आंजेलिक किजो होती. इथे एक गोष्ट आयोजकांच्या बाजूनं मांडायला हवी: तक्रार ऐकून त्यांनी यादी खरोखर बदलली. अनेक समित्या तेवढंही करत नाहीत.

दुसरी तक्रार कॅमेरूनमधून आली आणि ती जास्त अडचणीची होती. ध्रुवपद ऐकताच तिथल्या लोकांनी ओळखलं. ओळखायला संगीततज्ज्ञ लागतच नव्हता. शाळेत कवायत केलेल्या कुणालाही ते पाठ होतं. यूट्यूबवर जुना आणि नवा व्हिडिओ शेजारीशेजारी लावले गेले. त्याच्या वीस वर्षं आधी अशी चोरी किंवा उसनवारी पकडायला कॅसेट इकडून तिकडे पोहोचावी लागत असे. इथे हे काही दिवसांत झालं. बँडच्या बाजूनं शकीराच्या रेकॉर्ड कंपनीशी, सोनी म्युझिकशी, बोलणी झाली, तडजोड झाली आणि गीतकार-संगीतकारांच्या यादीत गोल्डन साउंड्सच्या मंडळींची नावं आली. न्यायालयात जाण्याची वेळ आली नाही.

सोनीनं इतक्या लवकर हात पुढे का केला, याचा अंदाज बांधायला जोहान्सबर्गमध्येच एक उदाहरण होतं. सॉलोमन लिंडा या झुलू गायकानं १९३९ साली तिथल्या गॅलो स्टुडिओत ‘म्बुबे’ हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. त्याचे हक्क त्यानं अवघ्या दहा शिलिंगांना दिले. पुढे त्याच सुरावटीवर इंग्रजी गाणं बेतलं गेलं, ते जगभर गाजलं, डिस्नेच्या ‘द लायन किंग’मध्येही आलं. लिंडा १९६२ मध्ये जवळजवळ कफल्लक अवस्थेत वारला. त्याच्या वारसांनी २००४ मध्ये डिस्नेवर दावा लावला आणि फेब्रुवारी २००६ मध्ये तडजोड झाली. म्हणजे विश्वचषकाच्या जेमतेम चार वर्षं आधी, यजमान देशातच, ‘आफ्रिकी सूर, परदेशी पैसा’ या विषयावर सगळ्या वर्तमानपत्रांतून चर्चा झडलेली होती. फिफा आणि सोनी यांना स्पर्धेच्या तोंडावर दुसरा लिंडा परवडणारा नव्हता.

आता या प्रकरणातली खरी गुंतागुंत. गोल्डन साउंड्सचा हक्क कशावर होता? ध्रुवपद तर त्यांनीच सांगितल्याप्रमाणे शिपायांचं. ते शिपाई अनाम, बरेचसे युद्धातच गेलेले. त्यांच्या वारसांचा पत्ता कुठे शोधणार? बँडनं त्या चार शब्दांना चाल, वेग, कडवी आणि सोंग दिलं, रेकॉर्ड काढली, ती रेकॉर्ड समुद्रापार गेली. शकीराच्या गाण्यात जे आलं ते पलटणीतून थेट आलेलं नाही, ते या रेकॉर्डमधून आलं. म्हणून श्रेय बँडला मिळणं रास्तच होतं. तरी साखळीतली पहिली कडी यादीत कुठेच नाही आणि असूही शकत नाही. मराठी कॅसेटवर ‘गीत : पारंपरिक’ असं छापून येत असे, तेव्हा हेच होत असे. कधी ते खरंच पारंपरिक असे, कधी शेजारच्या तालुक्यातल्या हयात शाहिराचं. ‘पारंपरिक’ लिहिलं की मानधनाचा प्रश्न मिटतो, हे कंपन्यांना चांगलं माहीत होतं.

गाणं चालतं कशानं

वाद बाजूला ठेवून गाणं नुसतं ऐकू. ते साधारण पांढरी दोनच्या पट्टीत (पाश्चात्त्य ‘डी’) आहे, फार जलद लय नाही, पण पाय आपोआप हलेल अशी चालती. सगळं गाणं चार कॉर्डच्या एकाच फेऱ्यावर फिरतं. गिटार शिकणारा मुलगा दुसऱ्या दिवशी ते वाजवू शकतो. कडव्यांत इंग्रजी शब्द दाटीवाटीनं येतात, तिथे एकटी शकीरा गाते आणि श्रोता ऐकतो. मग ध्रुवपद येतं आणि शब्दांची गर्दी एकदम ओसरते: दोन-तीन अक्षरी तुकडे, प्रत्येकानंतर ‘ए ए’साठी मोकळी जागा. पोवाड्यात शाहिराच्या ओळीवर झीलकरी ‘जी जी जी’ धरतात, तशी ही जागा श्रोत्यांनी भरायची आहे. भाषा कळण्याची गरज नाही, सूर लागण्याचीही नाही. वेळेवर ओरडलं की तुम्ही गाण्यात सामील.

ही जागा स्टुडिओत योजून ठेवणं अवघड आहे. अनेक संगीतकार स्टेडियमगीतात ‘ओ ओ ओ’ घालतात आणि ते नकली वाटतं, कारण तिथे लोकांनी काय करायचं हे संगीतकारानं ठरवलेलं असतं. ‘झांगालेवा’चं ध्रुवपद पलटणीच्या पावलावर घासून तयार झालेलं. दमलेल्या माणसाला म्हणता आलं नाही ते चाळणीतून गळालं. उरलं ते कुणालाही म्हणता येणारं. म्हणूनच ते याउंदेच्या शाळेत चाललं, बारांकियाच्या गल्लीत चाललं आणि पुढे कोल्हापुरातही चाललं. कोल्हापूरचं नाव मुद्दाम घेतो. तिथे तालमींचे फुटबॉल संघ आहेत, शाहू स्टेडियम आहे, आणि विश्वचषकात ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे गल्लोगल्ली लागतात. २०१० मध्ये सामने आपल्या वेळेनुसार संध्याकाळी पाचला, साडेसातला आणि रात्री बाराला असत. एवढ्या सोयीच्या वेळा मिळाल्यावर गाणं रोज संध्याकाळी घरात येणारच होतं.

शकीरा आणि हिल यांचं काम कमी लेखण्याचं कारण नाही. त्यांनी जुन्या गाण्याचा माकोसा या कॅमेरूनच्या नाचाच्या संगीताच्या अंगाचा भरधाव वेग सपाट, रेडिओला मानवेल अशा ठेक्यात बसवला आणि ध्रुवपदाआधी चढत जाणारी एक पायरी बांधली, त्यामुळे ते येतं तेव्हा सुटल्यासारखं वाटतं. शब्दांतही एक धागा शिल्लक राहिला आहे. इंग्रजी गाण्याची सुरुवातच एका चांगल्या शिपायाला उद्देशून होते. ज्यांना मूळ माहीत नाही त्यांना ती खेळाडूसाठीची उपमा वाटते. ज्यांना माहीत आहे त्यांना दुआलाचा शिपाई आठवतो. मात्र सोंग, उशा, टवाळी, ‘कुणी पाठवलं’ हा टोमणा, हे सारं गेलं. ‘वेव्हिन फ्लॅग’चं जे झालं तेच इथेही: जल्लोषाला नको असलेला भाग काढून घेतला गेला. विश्वचषकाच्या गाण्याला विनोद चालतो, उपहास चालत नाही.

एक गंमत जाता जाता. ज्या स्टेडियमसाठी हे गाणं होतं तिथे ते सामन्याच्या वेळी ऐकू येणं मुश्किलच होतं. व्हुव्हुझेला हा प्लास्टिकचा भोंगा साधारण मंद्रातल्या काळी पाचवर घोंगावतो आणि हजारो भोंगे एकदम. पांढरी दोनच्या गाण्याला काळी पाचचा अखंड सूर म्हणजे षड्जाशेजारी सतत कोमल धैवत. त्या महिन्यात टीव्हीसमोर बसलेल्या प्रत्येकाला तो सूर झोपेतही ऐकू येत असे.

फ्रेशलीग्राउंडची जागा

तक्रारी करणाऱ्यांचा एक मुद्दा असा होता की फ्रेशलीग्राउंडला केवळ स्थानिक तोंड दाखवायला घेतलं आहे. गाण्यातला त्यांचा वाटा पाहिला तर हे अगदीच खोटं नाही. बँडची गायिका झोलानी महोला गाते ते आफ्रिकी भाषेतलं कडवं उत्तरार्धात येतं आणि पटकन संपतं. पण त्या काही ओळींत गाण्याचा पोत बदलतो. शकीराचा आवाज पुढे ढकलणारा, झोलानीचा थोडा खेळकर, मागे रेलून गाणारा. मला ते कडवं गाण्यातलं सर्वांत जिवंत वाटतं आणि ते आणखी दुप्पट लांब असतं तर बरं झालं असतं.

त्याच वर्षी या बँडनं झिम्बाब्वेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मुगाबे यांच्यावर एक उपहासाचं गाणं काढलं, त्याच्या व्हिडिओत बाहुल्या वापरल्या, आणि झिम्बाब्वेनं त्यांना कार्यक्रमासाठी दिलेले परवाने रद्द केले. जगाच्या सर्वांत मोठ्या व्यासपीठावर गोड गाणं म्हणणारे कलाकार शेजारच्या देशात शिरू शकत नव्हते. उपहास कुठे चालतो आणि कुठे नाही, याचा अनुभव त्यांना एकाच वर्षात दोन्हीकडून आला.

त्याच वर्षी, दिल्लीत

‘वाका वाका’चा जोर ओसरायच्या आतच भारतावर गाण्याची पाळी आली. ३ ते १४ ऑक्टोबर २०१० दरम्यान दिल्लीत राष्ट्रकुल खेळ होते. संयोजन समितीचे अध्यक्ष पुण्याचे सुरेश कलमाडी. गीताचं काम ए. आर. रहमान यांच्याकडे होतं. ऑस्कर मिळाल्याला दीडच वर्ष झालेलं, त्यामुळे अपेक्षा आभाळाला टेकलेल्या, आणि ‘वाका वाका’शी तुलना सगळीकडे सुरू होती. ऑगस्टच्या अखेरीस गुडगावात ‘ओ यारो ये इंडिया बुला लिया’ सादर झालं आणि निराशा पसरली. मानधन पाच कोटींच्या घरात असल्याच्या बातम्या आधीच आल्या होत्या. स्पर्धेभोवती रोज नवा घोटाळा बाहेर पडत असल्यामुळे लोकांचा सगळा वैताग गाण्यावरही निघाला. समितीतल्याच एका ज्येष्ठ पदाधिकाऱ्यानं नापसंती उघड बोलून दाखवली. मग रहमान यांनी गाण्यावर पुन्हा हात फिरवला.

रहमान यांची कुवत इथे प्रश्नात नाही. अडचण मागणीतच होती. ‘आम्हाला आमचं वाका वाका द्या’ असं सांगून ते मिळत नसतं, कारण ज्याची नक्कल हवी होती तेच मुळात कुणी मागणीनुसार रचलेलं नव्हतं. दिल्लीच्या गाण्यात देश बोलावतो आहे, उठा, पुढे चला, जिंका, असे सल्ले भरपूर होते. श्रोत्यानं मध्ये काय म्हणायचं ती मोकळी जागा सापडत नव्हती. १९८२च्या दिल्ली आशियाई खेळांचं स्वागतगीत त्या मानानं किती साधं होतं. पंडित नरेंद्र शर्मांचे शब्द, पंडित रविशंकर यांचं संगीत, आणि ‘स्वागतम्’ हा लग्नाच्या मांडवापासून शाळेच्या फळ्यापर्यंत सगळ्यांच्या ओळखीचा शब्द. रंगीत टीव्ही नुकता आला होता, वाहिनी एकच होती, याचाही त्यात वाटा होता. तरीही आज पन्नाशी-साठीतल्या लोकांना ती चाल गुणगुणता येते, आणि २०१०चं गाणं, जे त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी आलं, ते गुणगुणून दाखवणारा माणूस मला भेटलेला नाही.

पुढे काय झालं

फिफानं या प्रकरणातून जो धडा घेतला तो अर्धाच दिसतो. २०१४ मध्ये ब्राझीलसाठी पिटबुल, जेनिफर लोपेझ आणि ब्राझीलची क्लाउदिया लेइते यांचं गाणं आलं. संगीतानं ओसंडणाऱ्या देशात स्पर्धा आणि गाण्यात पोर्तुगीज नावापुरतं, यावर ब्राझीलमध्ये टीका झाली. गंमत म्हणजे त्या वर्षीही शकीराचं कार्लिन्योस ब्राऊनबरोबरचं गाणं अधिकृत गीतापेक्षा जास्त लोकांनी उचललं. २०२२ मध्ये कतारसाठी एकाच गाण्यावर भार टाकण्याऐवजी अनेक गाण्यांचा संच काढला गेला. पहिल्या गाण्यात अमेरिकी, नायजेरियन आणि कतारी गायक एकत्र होते. प्रतिनिधित्वाची गणितं बरोबर जुळली, ध्रुवपद मात्र कुणाच्या तोंडी राहिलं नाही.

मूळ कर्त्यांचा शोध आधी घेण्याची शिस्त मात्र अजून नियमाचा भाग झालेली दिसत नाही. कॅमेरूनच्या बँडला न्याय मिळाला तो गाणं फार प्रसिद्ध होतं आणि ओळखणारे लाखो होते म्हणून. एखाद्या छोट्या खेड्यातली चाल असती तर? भारतात २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांचा स्वामित्वधनातला वाटा पक्का केला, पण तो ज्यांचं नाव करारावर आहे त्यांच्यासाठी. गोंधळी, शाहीर, कोळीवाड्यातली गाणारी बाई, यांचं नाव करारावर यायला आधी कुणीतरी त्यांना विचारायला हवं.

आणि हा प्रश्न आता दूरचा राहिलेला नाही. २०३०चे राष्ट्रकुल खेळ अहमदाबादला मिळाले आहेत. गाणं लागेलच, आणि गरब्याच्या फेऱ्यातलं एखादं ध्रुवपद घ्यायचा मोह कुणाही संगीतकाराला होईल. व्हायलाही हवा, कारण टाळीची मोकळी जागा त्यात जन्मजात आहे. संयोजन समितीनं गाण्याच्या करारात एक कलम पहिल्याच मसुद्यात घालावं: लोकचाल वापरली असेल तर ती कुठून ऐकली, तिचं सर्वांत जुनं उपलब्ध ध्वनिमुद्रण कुणाचं, आणि ते गाणाऱ्यांशी किंवा त्यांच्या वारसांशी बोलणं झालं आहे का, हे संगीतकारानं गाणं सादर करण्याआधी लेखी द्यायचं. पैशाची तरतूदही त्याच अंदाजपत्रकात, गायकांच्या मानधनाच्या शेजारच्या ओळीत.